वहीतील श्रम आणि गावातील काम

दहावीचा निकाल लागला, की सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत बसस्थानकाजवळच्या भिंतींना आणि विजेच्या खांबांना वाचा फुटते. सैन्यभरतीपासून वैद्यकीय प्रवेशापर्यंत सर्व वाटांचे फलक एकमेकांवर चढलेले असतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडून येणाऱ्या गाड्यांतून पालक आणि मुले उतरतात. पालकांच्या पिशवीत गुणपत्रिकेच्या चार प्रती असतात. मुलाच्या अथवा मुलीच्या चेहऱ्यावर संकोच असतो. ‘पुढे काय?’ हा प्रश्न त्या दिवशी मामाला विचारला जातो, ओळखीच्या कारकुनाला विचारला जातो, खासगी वर्गाच्या चालकाला तर विचारला जातोच. ज्याला त्या उत्तरासह आयुष्य काढावयाचे आहे, त्याला मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारले तरी तो काय सांगणार? सोळा वर्षांच्या आयुष्यात त्याने जवळून पाहिलेले व्यवसाय दोनच असतात. एक आईबापांचा, ज्यातून सुटका व्हावी म्हणून त्याला शाळेत घातलेले असते. आणि दुसरा शिक्षकांचा, जो त्याने बाकावर बसून दहा वर्षे पाहिलेला असतो. उरलेल्या जगाची माहिती त्याला खांबावरच्या फलकाइतकीच असते.

ही उणीव आजवर कोणाच्या ध्यानात आली नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा ही शालेय शिक्षणाची अंगे मानली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा शब्दप्रयोग रूढ केला. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्यानंतरच्या पिढ्यांना कार्यानुभव आणि समाजसेवा हे श्रेणीचे विषय परिचयाचे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करावे, अशी ही कल्पना आहे. म्हणजे साठ वर्षे कल्पनांचा तुटवडा कधीच पडलेला नाही. प्रश्न आहे तो या कल्पना शाळेच्या कपाटात जाऊन काय रूप घेतात, हा.

एका तालुक्याच्या गावी, एका प्रशालेच्या कपाटातील लागोपाठ तीन वर्षांच्या अशा वह्या प्रस्तुत लेखकाला चाळावयास मिळाल्या. खडू, फिनेल आणि उदबत्ती तयार करण्याच्या कृती प्रत्येक वहीत होत्या. शाळेतील खडू मात्र बाजारातून येत होते. ग्रामसफाईचा वृत्तांतही प्रत्येक वहीत होता आणि तो शब्दशः एकच होता: ‘गावातील मुख्य रस्ता स्वच्छ केला व ग्रामस्थांना स्वच्छतेचे महत्व पटवून दिले.’ पहिल्या वर्षीच्या कोणा विद्यार्थ्याने ‘महत्त्व’ या शब्दातला एक त गाळला होता. तो गळालेला त पुढच्या दोन्ही वर्षी कोणाला सापडला नाही. तपासणाऱ्याच्या लाल शाईलाही नाही. वही वहीवरून उतरली, श्रेणी मिळाली, आणि मुख्य रस्ता जसा होता तसाच राहिला.

त्या मुलांवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. शिक्षकांवरही सर्वस्वी नाही. ज्या कामाची वाट पाहणारे कोणीच नसते, ते काम शेवटी वहीतच होते. फिनेल झाले नाही तर कोणाचे अडत नव्हते. रस्ता झाडला नाही म्हणून कोणी शाळेत विचारावयास येणार नव्हते. व्यवसायाची ओळख असो वा समाजसेवा असो, आपल्या माध्यमिक शाळांतील या दोन्ही उपक्रमांची खरी मेख येथे आहे.

ज्या कामावाचून शाळा चालत नव्हती

विशेष हे, की ज्या मुलखात आज अशा वह्या भरल्या जातात, त्याच मुलखाने श्रम आणि शिक्षण यांचे नाते साऱ्या महाराष्ट्राला शिकविले. महात्मा फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि खेड्यातील मुलांना हिशेबाबरोबरच शेतीचेही व्यावहारिक ज्ञान मिळावे, अशी मागणी केली. ती मागणी सरकारदरबारी पडून राहिली. तिला प्रत्यक्ष आकार देण्याचे काम पुढे सत्यशोधक विचारांतून घडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले.

भाऊराव १८८७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मले. त्यांना शिक्षणमहर्षी म्हणण्याची आपली पद्धत आहे, पण शिक्षणसंस्थेपूर्वी त्यांनी बाजार पाहिला होता, हे आपण विसरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे तयार होणाऱ्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून भाऊराव गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याची जमीन, त्याची बैलजोडी, त्याचे कर्ज आणि त्याच्या घरातील न शिकलेली मुले, हे सारे पाहावे लागते. सांगली जिल्ह्यातील वारणाकाठच्या दुधगाव येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले.

या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीला जेवत. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक, शेतीची कामे, बांधकाम यांत त्यांचे हात असत. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेही याच पायावर. ज्याच्याजवळ शुल्काला पैसे नाहीत त्याने श्रम द्यावेत आणि शिकावे. ‘कमवा आणि शिका’ ही घोषणा आज भिंतीवर रंगविलेली दिसते. तेव्हा ती स्वयंपाकघरातील पाळीच्या तक्त्यावर होती. पाळी चुकली तर जेवण चुके. त्या मुलांना आपल्या कामाचे महत्त्व पटवून देण्यासाठी वही लागत नव्हती.

याच संस्थेचा दुसरा एक उपक्रम आज अधिकच आठवण्याजोगा आहे. १९३५ मध्ये साताऱ्यात तिने शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. त्यानंतरच्या काळात, जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर ‘व्हॉलंटरी स्कूल’ या नावाने शेकडो शाळा सुरू करण्यात आल्या. कोठे देऊळ, कोठे चावडी, कोठे कोणाची पडवी. गावाने आसरा द्यावयाचा आणि तरुण शिक्षकाने तेथे जाऊन राहावयाचे. त्या तरुणांना शिक्षकाचा व्यवसाय पुस्तकातून निवडावा लागला नाही. पहिल्याच आठवड्यात तो त्यांना जमतो की नाही, हे त्यांना आणि गावाला एकदमच कळत असे.

मोठेपणा कशात आणि मर्यादा कशात

तथापि, येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुले राबत होती ती व्यवसायाची निवड करण्यासाठी नव्हेत. शिक्षणाचे दार त्यांच्यासाठी बंद होते आणि श्रम ही त्या दाराची एकमेव किल्ली होती. आज शिक्षणाचा खर्च उचलणे हे शासनाचे कर्तव्य ठरले असताना गरिबाच्या मुलाने पुन्हा खडी फोडून शाळेत यावे, असे कोणी म्हणेल तर ती कर्मवीरांची भक्ती ठरणार नाही, उलट ती त्यांच्या कार्याची पीछेहाट ठरेल. २०१६ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आहे, आणि चौदा ते अठरा या वयातील मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. ही मर्यादा कोणत्याही शालेय उपक्रमाने ओलांडता कामा नये.

दुसरी सावधगिरी इतिहासाने शिकविलेली आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हस्तव्यवसायातून शिक्षण ही तिची दृष्टी थोर होती. पण मध्यमवर्गाने आपली मुले इंग्रजी माध्यमिक शाळांतच ठेवली आणि टकळी राहिली ती खेड्यातल्या मुलांच्या हाती. श्रमाचे शिक्षण एका वर्गाला आणि बुद्धीचे दुसऱ्या वर्गाला, अशी वाटणी झाली की श्रमाची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी घटते. आजही एखाद्या शाळेत समाजसेवेच्या तासाला मुलींनी केर काढावयाचा आणि मुलांनी खुर्च्या मांडावयाच्या, किंवा स्वच्छतागृह धुण्याची पाळी ठरावीक आडनावांकडेच यावयाची, असे घडत असेल, तर तो उपक्रम त्याच दिवशी बंद करावा. शाहू बोर्डिंगातील पंक्तीचा आणि पाळीचा अर्थ नेमका याच्या उलट होता.

मग त्या परंपरेतून आज घ्यावयाचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. काम खरे असावे. ते सर्वांच्या वाट्याला सारखे यावे. आणि त्याची वाट पाहणारा कोणी तरी शाळेच्या कुंपणाबाहेर असावा.

दुरून पाहिलेले व्यवसाय

या कसोटीवर आजचे प्रयत्न घासून पाहू. २०१६ पासून काही वर्षे महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. हेतू स्तुत्य होता. परंतु ज्या मुलीने प्रयोगशाळा केवळ चित्रात पाहिली आहे, तिचा कल प्रयोगशाळेकडे आहे की नाही, हे प्रश्नावलीतून कितीसे कळणार? कल हा पुष्कळदा अनुभवानंतर निर्माण होतो. आधी विहिरीत उतरावे लागते, मग पोहण्याची आवड आहे की नाही ते ठरते. व्यवसाय मार्गदर्शनाच्या व्याख्यानांची गतही फारशी निराळी नाही. वक्ता दोन तासांत पन्नास अभ्यासक्रमांची नावे सांगतो, मुले ती उतरवून घेतात, आणि घरी गेल्यावर शेजारच्या मुलाने जे केले तेच ठरते.

दप्तराविना दहा दिवसांचेही असेच होण्याची भीती आहे. दहा दिवसांत दहा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र आणि शेवटी अहवाल, या वाटेने गेलो तर जुन्या वहीलाच नवे वेष्टन मिळेल. त्यापेक्षा दहा दिवस एकाच ठिकाणी घालवावेत. पहिल्या दिवशी मूल पाहुणे असते, तिसऱ्या दिवशी अडगळ असते, आणि सातव्या-आठव्या दिवशी कोणी तरी त्याला ‘अरे, तेवढे धर बघू’ असे म्हणतो. शिक्षण त्या क्षणी सुरू होते.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी पाबळचे उदाहरण पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ती वाट सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम काढला. तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम आकारास आला आणि माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातील एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन अशा चार विभागांतून प्रत्येक मुलाने जावयाचे, मग मुलगी वेल्डिंग करील आणि मुलगा पदार्थ तयार करील. त्यातील मर्माची गोष्ट ही, की मुलांनी शिकता शिकता गावाला सेवा पुरवावयाच्या होत्या: मातीची तपासणी, विजेची जोडणी, रक्तगट पाहणे. काम बिघडले तर गावकरी बोलत, नीट झाले तर पुन्हा बोलावीत. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्यांची ही पद्धत मात्र अनेक शाळांत पोहोचली.

दोन जिल्ह्यांची पाठशाळा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना तर दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडविणाऱ्यांची घराणी आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला वाळका भोपळा त्यांच्या हाती तंबोऱ्याचा नाद धरतो. विज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनीचे प्रकरण शिकलेल्या मुलाने तेथे दहा दिवस बसून जवारी कशी लावतात ते पाहिले, तर त्याला पदार्थविज्ञान कळेल, गणिताला पुरून उरणारा कान म्हणजे काय तेही कळेल, आणि कारागिराला मिळणारा मोबदला त्याच्या कसबाच्या मानाने केवढा आहे, हा अर्थशास्त्राचा धडाही मिळेल. त्याच मिरजेत १८९४ पासून वॉनलेस यांच्या रुग्णालयाची परंपरा आहे. तेथे केवळ डॉक्टर नसतात, परिचारिका असतात, रक्त तपासणारे असतात, नोंदी ठेवणारे असतात. वैद्यक म्हणजे एकच परीक्षा आणि एकच पदवी, हा समज अशा ठिकाणी गळून पडतो.

सांगलीच्या हळदीच्या बाजारात सौदा कसा होतो, हरिपूरच्या पेवांत हळद का साठवीत आणि २००५ च्या महापुराने त्या पेवांचे काय केले. खानापूर-विट्याचे गलाई व्यावसायिक सोने गाळण्यासाठी भारतभर कसे पसरले. कोयनेचे पाणी वीज कशी होते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तोडल्यापासून किती तासांत बाजारात पोहोचावी लागते. अपशिंग्यासारख्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्यांच्या घरी मागे राहिलेल्या स्त्रियांनी संसार कसे चालविले. यांतील प्रत्येक गोष्ट ही एकेका शाळेची वर्षाची पाठशाळा होऊ शकेल. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी शेकडो मुले आपण रोज पाहतो. त्यांच्या जिद्दीविषयी आदरच आहे. पण भरतीत जागा थोड्या असतात, वयाची अट असते आणि ती ओलांडल्यानंतर पंचविशीत पुन्हा ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. सोळाव्या वर्षी चार वाटा डोळ्यांनी पाहिल्या असत्या, तर पंचविसाव्या वर्षी पायाखाली एक तरी वाट असती.

सेवा कोणाची, गरज कोणाची

समाजसेवेची बाजूही हीच. शाळेने गावाला विचारले पाहिजे, की तुमचे अडते कोठे? सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा असतो आणि ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले. ब्रह्मनाळची बोट उलटली ती याच पुरात. २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढले. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतील नदीकाठच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या गावातील पूररेषा घरोघर जाऊन नोंदविली, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कोणत्या गोठ्यात किती जनावरे आहेत, याची यादी दर मे महिन्यात ताजी केली, तर ती यादी जुलैमध्ये ग्रामपंचायतीला हवीच असेल. तिच्यातील चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती यादी वहीवरून उतरविणार नाही.

पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत पाऊस मोजणे आणि विहिरींची पातळी नोंदविणे हे काम आहे. २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी ही गावे श्रमदानाच्या बळावर पहिली आली. स्पर्धा संपते, फलक उतरतात. पण विहिरीत पाणी पुढे किती टिकले, याची नोंद दर महिन्याला कोणी तरी ठेवली पाहिजे. दोर, वजन आणि मोजपट्टी यांपलीकडे तिला काही लागत नाही. नववी-दहावीला अलीकडे जलसुरक्षा हा विषय आहेच. त्याचे प्रात्यक्षिक गावच्या विहिरीवर का होऊ नये?

आणि कार्यालयीन काम? त्याला आपण कमी लेखतो. निराधार योजनेचा अर्ज भरता न आल्याने हेलपाटे घालणाऱ्या वृद्धा प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत दिसतात. दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दुपार ग्रामपंचायतीत बसून असे अर्ज शिक्षकांच्या नजरेखाली भरून दिले, सातबाराचा उतारा वाचून दाखविला, तर त्यांना हेक्टर आणि आर, भोगवटादार आणि इतर हक्क या शब्दांचा अर्थ कळेल, कायद्याची तोंडओळख होईल, आणि एका सहीसाठी माणूस किती दिवस थांबतो तेही दिसेल. त्यांतील कोणी पुढे तलाठी झाला, कोणी वकील झाला, तर त्याच्या टेबलापलीकडे उभे राहणाऱ्या माणसाचा चेहरा त्याने आधीच पाहिलेला असेल.

आक्षेप आणि उत्तरे

पालक म्हणतील, दहावीच्या वर्षात हे थेर कशाला? त्यांची भीती खोटी नाही. एका टक्क्याने प्रवेश हुकतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. म्हणून हे काम आठवी-नववीत व्हावे आणि ते अधिकचे ओझे न होता विषयांच्या जागीच यावे. विहिरींच्या नोंदींतून आलेख आणि सरासरी शिकविता येते, पूररेषेतून भूगोल, अर्जातून व्यावहारिक मराठी. शिक्षक म्हणतील, आम्हांला आधीच निवडणुकीपासून पाहणीपर्यंत अशैक्षणिक कामे पुरेशी आहेत. हेही खरे आहे. यास्तव हे काम शिक्षकाच्या कार्यभारात तासिका म्हणून धरले पाहिजे. शाळा सुटल्यानंतरची हौस म्हणून त्यावर सोडून देऊन चालणार नाही. आणि कारखानदार किंवा कारागीर म्हणतील, की पोरांचा आम्हांला व्यत्यय होईल. पहिले काही दिवस होईलच. पण उद्या आपल्या धंद्यात कोणी येत नाही, ही त्यांचीच तक्रार असते.

श्रेणी कोणी द्यावी, हा एक प्रश्न उरतो. माझी सूचना साधी आहे. वर्षाचे काम २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी स्वतः वाचून दाखवावे. विहिरीचे आकडे चुकीचे असतील तर ज्याची विहीर तो शेतकरी उठून सांगेल. आणि बरोबर असतील तर मान डोलावील. त्या मान डोलावण्याची सर कोणत्याही ‘अ’ श्रेणीला येणार नाही. कामातून काही उत्पन्न झाले तर ते मुलांच्या नावावर जमा व्हावे, पाळ्यांचा तक्ता शाळेच्या दर्शनी भागी लागावा, आणि त्यात जात, लिंग, हुशारी यांवरून वाटणी झालेली नाही, हे कोणालाही पाहता यावे.

शेवटी एका कामाचा निर्देश करतो. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळीत कोपीपाशी बसते. तिच्या गावाकडच्या शाळेत तिचे नाव असते. ती मात्र येथे असते. तेथून हाकेच्या अंतरावर आपली माध्यमिक शाळा आहे, आणि त्या शाळेत शिक्षक होऊ इच्छिणारी किमान दहा मुले-मुली आहेत. शाळा सुटल्यानंतर एक शिक्षक सोबत घेऊन त्या दहा जणांनी कोप्यांकडे जावे, पाटी-पुस्तक घेऊन तासभर बसावे आणि दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत हे सोडू नये. मधल्या काळात त्या लहान मुलांची नावे जवळच्या शाळेत लागावीत म्हणून मुख्याध्यापकांनी खटपट करावी. व्हॉलंटरी स्कूल काढणाऱ्या मुलखाला हे नवे नाही; ते केवळ थांबलेले आहे.

मार्चअखेर टोळी परतेल तेव्हा त्या दहांपैकी चौघांना कळलेले असेल, की शिकविणे आपल्याला जमणार नाही. हेही थोडे शिक्षण नव्हे. उरलेल्या सहांना कळलेले असेल, की जमेल. आणि बस आली नाही तर संध्याकाळी आपली वाट पाहत कोणी तरी कोपीच्या दारात उभे असते, हे दहाही जणांना कळलेले असेल. त्यानंतर त्यांनी वहीत काय लिहावयाचे ते त्यांचे त्यांना सुचेल. ‘महत्त्व’ हा शब्द त्यांना कदाचित लिहावाही लागणार नाही.